रिकाम्या रकान्यांची हिल्डा

आमच्या ऑफिसात नवा फॉर्म तयार झाला की तो आधी हिल्डा परेराकडे जायचा, आणि हिल्डा तो भरायची नाही. एरवी कोणीही माणूस फॉर्म उघडला की पहिल्या रकान्यात नाव टाकायला लागतो. हिल्डा खुर्ची पुढे ओढायची, चहाचा कप बाजूला सरकवायची आणि एक अक्षरही न लिहिता थेट खालचं 'सबमिट'चं बटण दाबायची. मग हाताची घडी घालून वाट बघायची. ज्याने तो फॉर्म बनवलेला असायचा तो तिच्या खुर्चीमागे उभा असायचा, आणि दहावीच्या निकालाला असतो तसा त्याचा चेहरा व्हायचा.

बहुतेक वेळा पडद्यावर एररच्या लांबलचक ओळी कोसळायच्या. हिल्डा मागे वळून न बघताच म्हणायची, "कोणी काही लिहिलंच नाही, तरी तुझं कोसळलं. उद्या माणसं लिहायला लागली तर काय होणार?"

ऑफिस मालाडला, लिंक रोडच्या आतल्या अंगाला. हॉस्पिटलं, कॉलेजं, धर्मादाय ट्रस्ट यांच्यासाठी आम्ही वेबसाइट बनवायचो, सगळं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. मी तिथे लागले तेव्हा हिल्डा पन्नाशीला आली होती आणि त्या मजल्यावर तिच्याहून जुनं कोणीच नव्हतं. ठेंगणी, आखूड केसांची, डोळ्यांवर चष्मा, गुडघ्याखालपर्यंतचा सुती ड्रेस आणि पायात सपाट चपला. चालायची भरभर. तिचं घर बोरीवलीच्या गावठाणात. चारी बाजूंनी टॉवर, आणि मध्ये या मूळच्या ख्रिस्ती लोकांची कौलारू घरं, क्रूस आणि विहीर. पूर्वी तिथे त्यांची भातशेती होती.

नाव ऐकून नवी मुलं तिच्याशी इंग्रजीत सुरू करायची. ती त्यांचं पूर्ण बोलणं ऐकून घ्यायची आणि मराठीत उत्तर द्यायची. एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी छान बोलता हो, कुठे शिकलात?" हिल्डा म्हणाली, "आईच्या पोटात. आम्ही इथलेच रे. टॉवर नंतर आले, तू तर त्याच्याही नंतर."

तिला मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "मॅडम शाळेत असतात. इथे हिल्डा." पण आमच्या घरातलं वळण वेगळं. बाबा गिरणीतले, गाव कोकणात, राहणं दिंडोशीला. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी मी मध्यम मार्ग काढला. "हिल्डा, तुम्ही" असं म्हणायला लागले. समोर 'तुम्ही', आणि आठवताना मात्र ती 'ती'च होते.

माझी तिची पहिली खरी गाठ पडली ती माझी फजिती झाली तेव्हा. एका कॉलेजच्या प्रवेशाचं पान मी बनवलं होतं. कॉलेजची माणसं समोर बसलेली असताना त्यांच्यातल्या एकाने कुठलंसं जुनं पान उघडलं, त्यात मी नंतर वाढवलेला मोबाइलचा रकाना नव्हता. त्याने बटण दाबलं आणि सगळं कोलमडलं. मी तर तपासणी लिहिली होती, रकाना रिकामा असेल तर सूचना दाखवायची. मग कोसळलं कसं, ते मला कळेना.

जेवणाच्या सुट्टीत हिल्डाने मला टेबलापाशी बोलावलं. "वैशाली, तुझा डबा आण."

मी आणला.

"उघड. काय आहे?"

"भेंडी."

"बरं. आता समज, तू डबा आणलास पण आईने भरलाच नाही. उघडलास, तर आत काही नाही. तुला कळेल ना, रिकामा आहे?"

"हो."

तिने माझा डबा उचलला आणि खाली स्वतःच्या खणात ठेवून खण बंद केला. "आता उघड."

मी हसले. "आता डबाच नाही."

"तेच तू केलंस. डबा आलाच नव्हता आणि तू झाकण उघडायला गेलीस. हात हवेत गेला, तोंडावर आपटलीस. फॉर्ममध्ये रकाना आहे पण माणसाने काही लिहिलं नाही, तर रिकामा डबा येतो. रकानाच नसेल तर काही येतच नाही. त्याला जावात नल म्हणतात. आधी डबा आलाय का बघायचं, मग उघडायचा, मग आत काय आहे बघायचं. याच क्रमाने. उलट केलंस की आपटणार." थोडं थांबून म्हणाली, "आणि तिसरा प्रकार. डबा जड लागतो, उघडला तर आत नुसतं पाणी. लोक स्पेसबार दाबून पुढे जातात. रकाना भरलेला दिसतो, आत काही नसतं. म्हणून कडेच्या रिकाम्या जागा छाटायच्या आणि मगच ठरवायचं."

मग तिने खण उघडून डबा परत दिला आणि स्वतःच्या डब्यातला सुक्या बोंबलाचा एक तुकडा माझ्या झाकणावर ठेवला. "भेंडीबरोबर बरा लागतो. खा."

'नल' या शब्दाने आमच्याकडे बरेच घोळ घातले. पडद्यावर तो दिसला की कोणीतरी ओरडायचं, "अरे, नल आला." सफाईला येणाऱ्या मावशींनी बिचाऱ्यांनी एकदा नळाला पाणी आलं समजून बादली उचलली होती. हिल्डा त्या दिवशी इतकी हसली की तिला उठून पाणी प्यायला जावं लागलं.

तिच्या काही गोष्टींवर वाद घालून उपयोग नसे. तपासणी फक्त भरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये केली आणि आत आमच्या सर्व्हरवर केली नाही, हे तिला अजिबात खपायचं नाही. "ब्राउझरमधली तपासणी म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. असावा, त्याचा उपयोग असतो. पण तो आहे म्हणून घराचं दार उघडं टाकून झोपतेस का?" चूक दाखवणारी सूचना नुसत्या लाल अक्षरांत दाखवलेलीही तिला आवडायची नाही. 'अवैध माहिती' असं कोणी लिहिलं की ती ते खोडायला लावायची. "माणसाने काही गुन्हा केलाय का? काय राहिलंय ते सांग, म्हणजे तो भरेल."

आणि तारांकित रकाने, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असे. प्रत्येक तारेसाठी ती विचारायची, "हे नसलं तर काय अडतं?" समोरचा म्हणायचा, "क्लायंटला हवंय." ती म्हणायची, "हवंय ते कळलं. अडतं काय ते विचारलं मी."

हा प्रश्न तिने एकदा जरा जास्तच लांब नेला. घाटकोपरच्या एका ट्रस्टसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज बनवला होता. त्यात वडिलांचं नाव सक्तीचं. अर्ज सुरू झाल्यावर दिसलं, की बऱ्याच मुलांनी त्या रकान्यात नुसतं टिंब टाकलंय. तेव्हा निखिल आमच्यातच होता, हिल्डाच्या हाताखाली शिकलेला, सगळ्यांत हुशार. तो म्हणाला, "चीटिंग आहे ही. मी चेक टाकतो, निदान तीन अक्षरं तरी हवीत. टिंब चालणार नाही."

हिल्डा म्हणाली, "मग ते तीन टिंबं टाकतील."

"मग टिंबंच बंद करतो."

"मग खोटं नाव लिहितील. आत्ता निदान खोटं तरी बोलत नाहीत." ती पडद्याकडे बघत राहिली. "रिकामं सोडायला आपण दिलं नाही, म्हणून टिंब टाकलंय. कोणीतरी विचार करून टाकलंय रे हे."

तिने ट्रस्टच्या बाईंना गाठलं आणि म्हटलं, टिंबवाल्यांपैकी कोणाला तरी फोन करून विचारा. बाईंनी हिल्डाला तिथेच बसवून घेऊन फोन लावला. पलीकडे एका मुलीची आई होती, नवऱ्याला सोडून माहेरी परतलेली. ती म्हणाली, "बाप आहे. पण त्याचं नाव कुठे लिहिलं की घाबरायला होतं. कुठल्या यादीत पोरीच्या नावाशेजारी त्याचं नाव दिसलं, तर तो शाळेच्या दारात येऊन उभा राहील. मागे आलाय तो. आम्हाला शिष्यवृत्ती नको, पण ते नाव लिहायला सांगू नका."

हिल्डाने परत येऊन हे आम्हाला सांगितलं. संध्याकाळी निघताना मला म्हणाली, "माझ्या शर्लीच्या शाळेत मी सही करायचे ना, तर दर वर्षी तो क्लार्क विचारायचा, तुम्ही कोण?" शर्ली तिची भाची. बहीण गेल्यावर हिल्डानेच तिला लहानाचं मोठं केलं, स्वतः हिल्डा लग्नाच्या भानगडीत कधी पडली नाही. एवढं मला इतरांकडून कळलं होतं. स्वतः ती यावर त्या एका वाक्यापलीकडे काही बोलली नाही. ट्रस्टच्या अर्जात मात्र तो रकाना बदलला. 'सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव' असा झाला. निखिलनेच बदलला, आणि खुशीने बदलला. तो पोरगा मुळात वाईट नव्हता.

मुलुंडच्या हॉस्पिटलचं काम आलं तोवर निखिल मॅनेजर झाला होता. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल, सकाळपासून केसपेपरला रांग. त्यांना रुग्णांची नोंदणी संगणकावर हवी होती. काउंटरवरची मुलगी विचारत जाणार आणि भरत जाणार. त्या पानावर खाली एक चौकोन होता, 'औषधाची ॲलर्जी आहे'. असेल तर टिचकी मारायची.

मी ते पान केलं होतं. मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. हिल्डाने नेहमीप्रमाणे कोरं पान पाठवलं, आत काय आलं ते बघितलं आणि मला हाक मारली.

"टिचकी मारली नाही, तर सर्व्हरला काय मिळतं?"

"काहीच नाही. टिचकी नसलेला चौकोन ब्राउझर पाठवतच नाही. नल."

"आणि नल आला की तू काय लिहून ठेवतेस?"

"ॲलर्जी नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

मला प्रश्नच कळला नाही.

"वैशाली, नल आला याचा अर्थ पेशंट म्हणाला 'नाही', असाही असेल. किंवा काउंटरवर घाई होती, कोणी विचारलंच नाही, असाही असेल. किंवा पेशंट बेशुद्ध होता आणि शेजाऱ्याने आणला होता. तिघांचं तू एकच लिहिलंस. वर वॉर्डात डॉक्टर वाचणार, ॲलर्जी नाही. आणि इंजेक्शन देणार."

मी माझाच कोड पुन्हा वरपासून वाचायला लागले. ती म्हणाली, "तू नाही गं केलंस. सगळीकडे असंच असतं. म्हणून तर बघायचं."

तिला तीन पर्याय हवे होते. आहे, नाही, माहीत नाही. आणि आधीपासून कुठलाच निवडलेला नको. विचारल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. ऐकायला किरकोळ. पण हॉस्पिटलच्या ऑफिसातून उत्तर आलं, की प्रत्येक पेशंटमागे एक प्रश्न वाढला तर रांग दारापर्यंत जाईल, आहे ते बरं आहे. निखिल तिला मीटिंगच्या खोलीत घेऊन गेला. काचेची खोली, आम्हाला दिसत होतं सगळं, आणि दार नीट लागलेलं नसल्याने ऐकूही येत होतं.

"हिल्डा, त्यांनी लेखी दिलंय, चौकोन ठेवा म्हणून. आपली जबाबदारी संपली."

"कोणाची संपली?"

"यार, प्रत्येक गोष्टीत असं केलं तर काम कधी संपणार?"

"प्रत्येक गोष्टीत तू असंच म्हणतोस. सक्तीचे रकाने मी स्वतः कमी करते रे. हा एक वाढवायला मागतेय, तर काहीतरी असेल ना."

निखिल म्हणाला, "पान सोमवारी जाणार. असंच जाणार."

शुक्रवारी हिल्डाने रजा टाकली. तिला रजा घेताना आम्ही फारसं पाहिलं नव्हतं. ती मुलुंडला गेली आणि केसपेपरच्या रांगेशेजारच्या बाकावर जाऊन बसली. हे तिने नंतर मला सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. काउंटरवर प्रतिभा नावाची मुलगी होती, जुन्या छापील कागदावर भरभर लिहीत होती. नाव, वय, पत्ता, काय होतंय, पुढचा. ॲलर्जीची ओळ कागदावरही होती. प्रतिभा तिच्यावर आडवी रेघ मारत होती.

हिल्डा रांगेतल्या लोकांशी बोलायला लागली. ती कोणाशीही बोलू शकायची. एक आजोबा होते, त्यांना विचारलं, "औषधाचं काही वावडं आहे का, आजोबा?" ते म्हणाले, "आहे ना. एक गोळी आहे, ती घेतली की अंगावर गांध्या उठतात आणि घसा धरतो. मागे दोन दिवस ठेवलं होतं."

"मग आत सांगितलंत का?"

"कोणी विचारलं नाही."

हिल्डाने त्यांचा कागद पाहिला. रेघ. ती आजोबांना घेऊन परत काउंटरवर गेली. प्रतिभा वैतागली, साहजिकच. "बाई, तुम्ही कोण? मागे रांग बघा किती आहे."

"रांग बघितली. मी वेबसाइटवाली. तुझी चूक नाही सांगत, पण यांचं एवढं लिही."

प्रतिभाने लिहिलं. मग हिल्डा आजोबांना त्यांच्या डॉक्टरच्या दारापर्यंत पोचवून तिथून सरळ हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर जाऊन बसली. दुपारपर्यंत बसली. त्यांनी आत बोलावलं तेव्हा तिने फार भाषण केलं नाही. टिचकीचा चौकोन, नल आणि 'नाही' यांतला फरक, एवढंच समजावलं आणि आजोबांची हकिगत सांगितली. डॉक्टर म्हातारे होते, सर्जन. म्हणाले, "म्हणजे मी पडद्यावर 'नाही' वाचेन, तेव्हा ते कोणी म्हटलेलंच नसेल?"

"हो."

"आणि कागदावरच्या या रेघा?"

"त्याही तशाच, डॉक्टर."

त्यांनी समोरचे केसपेपर एकेक करून उलटून पाहिले. मग म्हणाले, "बदला. रांगेचं मी बघतो."

सोमवारी पान गेलं ते तीन पर्याय घेऊनच. निखिल हिल्डाशी आठवडाभर कामापुरतंच बोलला, कारण ती त्याला डावलून गेली होती. हे त्याचंही खोटं नव्हतं. हिल्डा त्याच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "तुला न सांगता गेले, ते चुकलं. गेले ते नाही चुकलं."

रांग खरंच वाढली. प्रतिभा पहिले काही दिवस फोन करून हिल्डाला टोचून बोलायची. मग तिचा फोन वेगळ्या सुरात आला. हिल्डाने तो स्पीकरवर टाकला. प्रतिभा म्हणत होती, "ताई, 'माहीत नाही'वाले किती निघतात हो. मला वाटायचं, लोक 'नाही'च म्हणतात. ते तर म्हणतच नव्हते काही. आता मी विचारते, तर बायका घरी फोन लावतात, आईला विचारतात, लहानपणी काय झालं होतं. आता डॉक्टरांनी एक सिस्टर माझ्या शेजारी बसवलीये, नुसतं तेवढं विचारायला."

हिल्डा म्हणाली, "जेवलीस का?" प्रतिभा म्हणाली, "नाही अजून." "मग जेव आधी," म्हणून हिल्डाने फोन ठेवला. ती खूश असली की असंच काहीतरी बोलायची.

तिला नोकरी सोडायला सांगितलं ते त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने. वरून आलेला निर्णय होता. कोड तपासायला आता आपोआप चालणारं साधन आणलं होतं, माणसाने बसून तपासायची गरज उरली नाही असं सांगितलं गेलं. बऱ्याच जणांची नावं त्यात होती. सगळ्यांत जुनी हिल्डा. तिला ते सांगायचं काम निखिलवर आलं, आणि तो ते सांगताना खाली बघत होता. बाहेर येऊन हिल्डाने रोजच्यासारखा चहा घेतला. कप तेवढा तिने दोन्ही हातांत धरला होता.

शेवटच्या दिवशी एक गोष्ट अडली. नोकरी सोडणाऱ्याला आमच्याच ऑफिसच्या अंतर्गत वेबसाइटवर एक अर्ज भरावा लागायचा. त्यात 'सोडण्याचं कारण' हा सक्तीचा रकाना, यादीतून निवडायचा. दुसरी चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न, प्रकृती, स्थलांतर, वैयक्तिक. हिल्डाने यादी वरून खालपर्यंत वाचली, परत वरून वाचली आणि काही न निवडता बटण दाबलं. अर्ज गेला नाही. कारण निवडा, असं आलं.

एचआरची अदिती, पंचविशीची असेल, तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "हिल्डा, 'वैयक्तिक' टाका ना. सगळे तेच टाकतायत."

"वैयक्तिक काय आहे यात?"

"तसं नाही... पण दुसरं काही बसत नाही ना त्यात."

"मग बसेल असं काहीतरी ठेवा. मी सोडत नाहीये, बाय. मला सोडायला सांगितलंय. यात राग नाही माझा. पण मी लग्न करून जातेय किंवा आजारी आहे, असं मी कसं लिहू?"

अदितीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात तिने अशा किती जणांना निरोप दिला होता, कोण जाणे. हिल्डाने तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, पाण्याची बाटली पुढे केली. मग मला म्हणाली, "वैशाली, या पानाचा कोड तुझ्याकडेच आहे ना? दे इकडे. माझं लॉगिन संध्याकाळपर्यंत चालू आहे."

सगळा मजला काम करत असल्याचं दाखवत होता आणि कोणीच काम करत नव्हतं. हिल्डाने यादीत एक ओळ वाढवली. 'कंपनीने सोडायला सांगितलं'. तेवढ्यावर थांबली नाही. पान उघडलंच आहे म्हणून आतली तपासणीही बघितली. नल आला तर, रिकामं आलं तर, नुसत्या स्पेस आल्या तर. पूर्वी कोणीतरी अर्धवट सोडलेलं नीट लिहिलं. कोरा अर्ज पाठवून पाहिला. मग नियमाप्रमाणे बदल मंजुरीसाठी मॅनेजरकडे पाठवला.

निखिल उठून आला. तिच्या टेबलाशी उभा राहिला. "हिल्डा, हे बरं दिसत नाही."

"दिसायला नाही ठेवलं रे. निवडायला ठेवलंय."

"वरचे विचारतील मला."

"विचारू देत. तू त्यांनाच विचार, यात खोटं काही आहे का."

मला वाटलं, आता निखिल काहीतरी बोलेल आणि निघून जाईल. पण तो खाली वाकला, तिच्याच माऊसवर हात ठेवला, स्वतःचा पासवर्ड टाकला आणि तिथेच, तिच्या पडद्यावर, तिने केलेला बदल ओळ न ओळ वाचायला लागला. तिने त्याला शिकवलं होतं तसाच, न घाई करता. एका ठिकाणी थांबून म्हणाला, "इथे आधी नल बघितलंयस, मग ट्रिम करून स्पेस छाटल्यायस. बरोबर आहे." आणि मंजुरीचं बटण दाबलं. मग सरळ होऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हिल्डाने अर्ज पुन्हा उघडला, नवीन ओळ निवडली, पाठवला. गेला. तिने लॅपटॉप बंद करून अदितीच्या हातात दिला, निखिलच्या पाठीवर थाप मारली, म्हणाली, "जेवायला ये कधी घरी. शर्लीला सांगते, तुझ्यासाठी मटण करेल." आणि पर्स उचलून नेहमीच्या भरभर चालीने लिफ्टकडे गेली. त्या संध्याकाळी, आधी 'वैयक्तिक' लिहिलेल्यांपैकी काहींनी अदितीला मेल केली, आम्हाला कारण बदलायचंय म्हणून.

नंतर ती मुलुंडच्या त्याच हॉस्पिटलात आठवड्यातले काही दिवस नोंदणीचं काम बघायला जाते असं कळलं. फोनवर बोलणं व्हायचं, पण फोनवर ती 'जेवलीस का' आणि 'आई कशी आहे' याच्यापलीकडे जायची नाही.

परवा शर्लीचं लग्न झालं. आदल्या दिवशी संध्याकाळी 'उंबराचं पाणी' म्हणून त्यांची एक रीत असते. नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायला सगळी वाडी वाजतगाजत विहिरीवर जाते. हिल्डाने मला त्यासाठी मुद्दाम बोलावलं होतं. मी बोरीवलीला गावठाणात पोचले तेव्हा ब्रास बँड सुरू झाला होता. टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. मला हिल्डा आधी दिसलीच नाही, म्हणजे दिसली पण ओळखू आली नाही. लाल चौकड्यांचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात सोन्याची जुनी माळ. ती सगळ्यांच्या पुढे नाचत होती. आणि चांगलं नाचत होती, कमरेवर हात ठेवून, ठेका न चुकवता. निखिलही आला होता, हातात सरबताचा ग्लास घेऊन कडेला उभा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही डोक्यात तेच आलं असणार, की हे आपल्याला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

विहिरीवर लोखंडी जाळी होती, ती बाजूला केली. बायकांनी गाणं धरलं. हिल्डाने दोर सोडून पाणी शेंदलं, कळशी भरली, आणि ती डोक्यावर घेताना हिंदकळून बरंचसं पाणी तिच्या तोंडावर आलं. लोक हसले, तीही हसली. चष्म्याच्या काचा पाण्याने भरल्या होत्या. तिने चष्मा काढला, आजूबाजूला चाचपून जो पहिला हात लागला त्यात दिला. तो माझा होता.

"धर गो बाय," ती म्हणाली.

"हिल्डा, दिसेल ना तुम्हाला?"

"आपल्याच वाडीत चालायला चष्मा कशाला?"

बँडने दुसरं गाणं घेतलं. डोक्यावर कळशी, एक हात तिला लावलेला, दुसरा शर्लीच्या खांद्यावर, अशी ती नाचतच परतीच्या गल्लीत वळली. मी चष्मा ओढणीला पुसून घेतला आणि द्यायला म्हणून गर्दीतून तिच्या मागे मागे गेले. घर येईपर्यंत तिने तो मागितला नाही.